परदेशी ऑफर आली? राजीनाम्याआधी घरातल्या सगळ्यांची नावं जुळवा

परदेशातून ऑफर आली की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, आधी हो म्हणा, कागदांचं एजंट बघून घेईल. एजंट कागद फिरवतो फक्त. कागदावर नाव चुकलं असेल तर ते तुम्हालाच दुरुस्त करून आणावं लागतं, आणि तोपर्यंत नवरा दुबईत, बायको-मुलं मुंबईत अशी घराची फाटाफूट होते.

तर आधी ऑफर. आकड्याला रुपयांनी गुणून खूश होऊ नका, तिथल्याच पैशात घरभाडं, शाळेची फी, घरच्यांचा मेडिकल इन्शुरन्स कोण भरणार, सगळं मांडा. दुबईत पगारावर इन्कम टॅक्स नाही हे खरं, पण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिली ५ वर्षं वर्षाला २१ दिवसांचा बेसिक, म्हणून ऑफर लेटरमध्ये बेसिक किती दाखवलाय ते बघाच. घर दोन पगारांवर चालत असेल तर दुसऱ्याच्या नोकरीचं काय, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. सिंगापूरला मे २०२१ पासून डिपेंडंट पासवर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीच्या आधारावर आलेल्याला नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो, नेदरलँड्समध्ये हायली स्किल्ड मायग्रंटच्या, म्हणजे उच्च कौशल्याच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला नोकरीसाठी वेगळं परमिट लागत नाही. घरासाठी हा फरक थोड्या जास्त पगारापेक्षा मोठा आहे.

आता नावं. लोक इथेच अडकतात आणि याबद्दल कोणी धड सांगत नाही. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं, मग आडनाव. मुंबई युनिव्हर्सिटीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर मधलं नाव गिव्हन नेममध्ये, डिग्री माहेरच्या नावाची, आधार सासरच्या. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, व्हिसा ऑफिसला मात्र या वेगवेगळ्या बायका वाटतात.

आम्ही अडलो ते मुलीच्या जन्मदाखल्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी, तिथल्या नर्सिंग होममध्ये फॉर्म भरताना माझ्या आईने विचारल्यावर जे सांगितलं ते लिहिलं गेलं, म्हणजे आईच्या रकान्यात माझं माहेरचं पूर्ण नाव, मधे माझ्या वडिलांचं. पासपोर्ट सासरच्या नावाचा. कागदोपत्री मुलीची आई मी नाहीच! दुरुस्ती जिथे जन्माची नोंद झाली तेच ऑफिस करतं, त्यामुळे मुंबईहून गावाला खेपा. मुंबईतल्या मुंबईतही तेच, राहता बोरिवलीला पण मूल परळच्या हॉस्पिटलमध्ये झालं तर दुरुस्तीला एफ साउथ वॉर्डातच जायचं. दाखल्यावर बाळाचं नावच घालायचं राहिलं असेल तर नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून घालता येतं.

म्हणून ऑफरवर बोलणी चालू असतानाच एका कागदावर तक्ता करा. घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट प्रमाण धरायचा आणि बाकी प्रत्येक कागद अक्षर न अक्षर त्याच्याशी ताडून बघायचा, तावडेमध्ये डब्ल्यू की व्ही इथपर्यंत. नोटरीचं अ‍ॅफिडेव्हिट लावलं की चालतं असं सांगणारे भेटतील, त्यांच्यावर विसंबू नका, मूळ दाखलाच दुरुस्त करून घ्या.

आणि बायकांनो, पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर केवळ जायचंय म्हणून बदलू नका, सासू-नणंदा काहीही म्हणोत. डिग्री, अनुभवाची पत्रं त्याच नावाची आहेत. पासपोर्ट री-इश्यू करून स्पाउसच्या रकान्यात नवऱ्याचं नाव चढवा, पुरे. नाव आधीच बदललं असेल तर नावबदल छापून आलेल्या महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटची प्रत डिग्रीसोबत ठेवा.

नावं जुळली की मगच शिक्के, म्हणजे डिग्री, दाखले खरे असल्याचं परदेशासाठी सरकारकडून प्रमाणित करून घेणं. आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय. अपोस्टिल म्हणजे या करारातले देश एकमेकांचे कागद मान्य करतात तो शिक्का. भारत २००५ पासून त्या करारात आहे, त्यामुळे नेदरलँड्स, सिंगापूरसाठी अपोस्टिल पुरतं. यूएई त्या करारात नाही, तिथे वकिलातीचा आणि पुढे त्यांच्या परराष्ट्र खात्याचाही शिक्का लागतो. शिक्के मारून झाल्यावर चूक सापडली तर दाखला नवा आणि सगळी साखळी पुन्हा पहिल्यापासून, खर्चासकट.

बाकी सोपं आहे. पोलीस क्लिअरन्स मागितलं तर पासपोर्ट सेवा केंद्रातून काढा, फार आधी नको, मुदत संपते. सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं इथलं खातं, करून घ्या. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही.

राजीनामा वर्क परमिट हातात आल्यावर. मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला तर सगळ्यांचे व्हिसा आल्यावरच काढा, आधी काढलात आणि व्हिसा लांबला तर त्याच शाळेत परत सीट मिळेल याची खात्री नसते.