दमा असेल तर खाण्यापिण्याचं नेमकं काय करायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू, कुठलंही फळ, ज्यूस किंवा पावडर दमा बरा करत नाही, त्यामुळे खाणं सुधारलं म्हणून रोजचा इनहेलर परस्पर बंद करायचा नाही. खाण्याने काय होतं तर अटॅक यायची कारणं थोडी कमी होतात, बस, पण तेवढंही कमी नाही.

सुरुवात सोडण्यापासून करू नका. बहुतेक जण हेच करतात, आज दूध बंद, उद्या अंडी बंद, परवा आंबट बंद, आणि महिन्याभराने वजन उतरलेलं, अंगात ताकद नाही आणि धाप आहे तशीच. त्यापेक्षा मोबाइलमध्ये दोन-तीन आठवडे नोंद ठेवा, काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वेळाने झाला, पंप किती वेळा मारला, आणि त्या दिवशी धूळ, धूर, सर्दी, पळापळ असं आणखी काही होतं का तेही लिहा, नाहीतर दोष सगळा जेवणावर जातो. पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात बाहेर फुंकता येतो ते मोजायची छोटी नळी) असेल तर सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. एकच पदार्थ पुन्हा पुन्हा सापडला तर डॉक्टरांशी बोलून तेवढाच थोडे दिवस बंद करून बघायचा. दुधाचं म्हणाल तर त्याने कफ वाढतो हे काही सिद्ध झालेलं नाही, प्यायल्यावर घसा जरा चिकट वाटतो आणि लोकांना तोच कफ वाटतो.

ज्याच्यावर खरंच संशय घ्यावा ते म्हणजे सल्फाइट. रंग आणि टिकाऊपणा राहावा म्हणून हे वाइन, सुकवलेली फळं (खासकरून चमकदार केशरी जर्दाळू), बाटलीतला लिंबाचा रस, सुके बटाटे, कोळंबी अशा गोष्टींत घालतात. यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि संवेदनशील माणसाच्या श्वासनळ्या काही मिनिटांतच आवळतात. सगळ्यांना होत नाही, दमेकऱ्यांमधल्या थोड्याच जणांना होतं, पण ज्यांना होतं त्यांना जोरात होतं. लेबलवर ई २२० ते ई २२८ यातला नंबर दिसतो का बघायचं. अमेरिकेत तर १९८६ साली कच्च्या खायच्या ताज्या फळं-भाज्यांवर सल्फाइट मारायलाच बंदी घातली, कारण सॅलड बारमधलं खाऊन लोकांना जीवघेणे अटॅक आले होते.

रात्री आडवं झालं की खोकला येतो, तोंडात आंबट येतं? मग प्रश्न काय खाल्लं यापेक्षा कधी आणि किती खाल्लं याचा असू शकतो, अ‍ॅसिड वर येऊन श्वासनळ्यांना चाळवतं. झोपायच्या आधी दोन-तीन तास जेवण उरका, रात्री पोट तट्ट भरू नका, पलंगाची डोक्याकडची बाजू उचला (नुसत्या उशा रचून मान दुखते, बाकी काही होत नाही).

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी दमा कंट्रोलमध्ये यायला मदत होते, म्हणजे ८० किलोच्या माणसाला ४ ते ८ किलो.

आता काय खायचं. फळं, भाज्या, डाळी, मासे चालत असतील तर मासे, आणि तळलेलं-पॅकेटमधलं कमी, यात नवीन काहीच नाही मला माहीत आहे. पण २०१२ मध्ये आलेल्या एका ऑस्ट्रेलियन ट्रायलमध्ये गंमत दिसली, ज्यांना फळं-भाज्या मुद्दाम कमी दिल्या त्यांचा दमा जास्त बळावला, आणि टोमॅटोच्या अर्काच्या कॅप्सूल देऊन मात्र ते भरून निघालं नाही. तेव्हा पैसे भाजीवर घालवा, कॅप्सूलच्या डब्यांवर नको. ड जीवनसत्त्वाचंही तसंच, रक्तात कमी असेल तर जरूर घ्या, पण २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) त्याने अटॅक कमी होतात असं दिसलं नाही. रॉयल जेलीला (मधमाश्या राणीमाशीसाठी बनवतात तो पदार्थ) तर हातच लावू नका, ‘नैसर्गिक’ म्हणून विकतात पण त्याने दमेकऱ्यांना गंभीर अटॅक आलेले आहेत.

स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार लागत असतील तर कॅल्शियम, हाडं आणि साखर याबद्दल डॉक्टरांना विचारा, त्या गोळ्यांनी भूकही खवळते.

शेंगदाणे, अंडी, मासे अशा कशाची खरी अ‍ॅलर्जी असेल तर मात्र घरी प्रयोग अजिबात नको, दम्यासोबत अ‍ॅलर्जी असली की रिअ‍ॅक्शन जास्त धोक्याची होते. ओठ सुजले, अंगावर गांध्या आल्या, आवाज बसला, श्वास कोंडला तर डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लगेच आणि थेट हॉस्पिटल.

राहिली कॉफी. कॅफिनने श्वासनळ्या थोड्या सैल होतात, काही तासांपुरत्या, पण ती पंपाची जागा घेत नाही, आणि थिओफिलिनच्या (दम्याचं एक औषध) गोळ्या चालू असतील तर जपून, दोघांनी मिळून धडधड वाढते. स्पायरोमेट्रीची (नळीत फुंकून फुप्फुसं तपासायची) टेस्ट असेल त्या दिवशी निदान चार तास आधी कॉफी नको, रिपोर्ट उगाच बरा दिसतो.