जर्मनीतल्या आल्टबाऊमध्ये हायझुंगचं बिल कसं आवरायचं

बर्लिन, लायप्झिग, हांबुर्गमधली उंच छतांची, शंभर वर्षांची घरं, म्हणजे आल्टबाऊ, दिसायला देखणी. पण ऊब धरून ठेवत नाहीत. भाडेकरूच्या हातात तिथे बॉयलरही नसतो आणि भिंतीही नसतात. हातात असतो रेडिएटरचा थर्मोस्टॅट, खिडकीची मूठ आणि वर्षातून एकदा येणारा हिशेबाचा कागद. एवढ्यावरही हायझुंगचा, म्हणजे घर तापवण्याचा, बराच पैसा वाचतो.

सुरुवात थर्मोस्टॅटपासून. तो नळ नाही. ५ वर फिरवला म्हणून खोली लवकर तापत नाही, कारण ३ वर ठेवला तरी थंड खोलीत वॉल्व्ह आधी पुरताच उघडतो. आकडे सांगतात ते कुठे थांबायचं ते: १ म्हणजे साधारण १२ अंश, २ म्हणजे १६, ३ म्हणजे २०, ४ म्हणजे २४, ५ म्हणजे २८. मधली प्रत्येक बारीक रेघ सुमारे १ अंशाची. बैठकीत ३, झोपायच्या खोलीत २ च्या थोडं वर, एवढं पुरतं. तापमान १ अंशाने उतरवलं की हायझुंगची ऊर्जा ढोबळमानाने ६ टक्के कमी लागते.

थर्मोस्टॅटच्या डोक्यात तापमान ओळखणारा भाग असतो. त्यावर पडदा आला किंवा पुढे सोफा सरकवला की तिथेच गरम हवा कोंडते, वॉल्व्ह लवकर मिटतो आणि खोली गारच राहते. मग माणूस आकडा वाढवत बसतो. पडदा खिडकीच्या फळीपर्यंतच ठेवा.

रात्री किंवा कामावर जाताना १६-१७ अंशांवर उतरवा, पण पूर्ण बंद करू नका. १६ च्या खाली भिंती इतक्या गारठतात की त्यांच्यावर ओल धरते, आणि बुरशीचा खर्च वाचवलेल्या युरोंपेक्षा जास्त निघतो. त्याच कारणासाठी झोपायच्या खोलीचं दार बंद ठेवा. बैठकीतली उबदार, दमट हवा थंड खोलीत शिरली की पाणी भिंतीवरच उतरतं.

आपल्या घरांत वाफ जास्त असते हेही ध्यानात ठेवा. कुकरच्या शिट्ट्या, उकळता भात, घरातच वाळत घातलेले कपडे. आर्द्रता मोजायचं साधं यंत्र स्वस्तात मिळतं; काटा ४० ते ६० टक्क्यांत राहायला हवा. त्यासाठी खिडकी तिरकी करून तासन्‌तास ठेवू नका. तशाने हवा फारशी बदलत नाही, पण खिडकीभोवतीची भिंत थंड पडते आणि बुरशी नेमकी तिथेच येते. त्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा: कडाक्याच्या थंडीत ५ मिनिटं, शरदात १० ते १५. तेवढा वेळ थर्मोस्टॅट बंद ठेवा. नाहीतर गार हवा त्याच्या डोक्यावर आदळते आणि तो पूर्ण उघडून रस्ता तापवू लागतो.

फटी शोधायच्या तर खिडकीच्या चौकटीत कागदाची पट्टी धरून खिडकी लावा. पट्टी सहज ओढून निघाली, तर तिथे फट आहे. जाडी कळण्यासाठी कणकेची गोळी क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून चौकटीत ठेवा, खिडकी दाबून लावा आणि चपटी झालेली गोळी मोजा. मग त्या जाडीची रबरी पट्टी बाऊमार्क्टमधून, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून, आणा. ईपीडीएम रबराची पट्टी वर्षानुवर्षं टिकते. फोमची स्वस्त पट्टी एक-दोन हिवाळ्यांतच दबून जाते. चिकटवण्याआधी लाकडावरचा तेलकटपणा पुसून काढा, नाहीतर आठवड्यात सुटते.

जुन्या घरांत कास्टनफेन्स्टर असेल, म्हणजे एकामागे एक दोन खिडक्या, तर पट्टी फक्त आतल्या खिडकीला लावा. बाहेरचीही फट बुजवली, तर मधे शिरलेल्या दमट हवेला वाट उरत नाही आणि बाहेरच्या काचेवर पाणी धरून लाकूड कुजतं. दुसरा इशारा यापेक्षा गंभीर. घरात गॅसची अशी थेर्मे, म्हणजे घरापुरता छोटा बॉयलर, असेल जी ज्वलनासाठी खोलीतलीच हवा ओढते, तर श्योर्नस्टाइनफेगरला, म्हणजे धुराड्याच्या तपासनिसाला, विचारल्याशिवाय एकही फट बुजवू नका. हवा अपुरी पडली की घरात कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो.

रेडिएटरमागे लावायचा चकाकता फॉइल खिडकीखालच्या कोनाड्यात, जिथे भिंत पातळ असते, तिथे थोडा उपयोगी पडतो. इतरत्र मेहनत फुकट.

रेडिएटर गुळगुळ करतो, किंवा खाली गरम आणि वर गार लागतो, तर आत हवा अडकली आहे. चौकोनी भोकाची छोटी किल्ली एक-दोन युरोंना मिळते. थर्मोस्टॅट पूर्ण उघडा. दुसऱ्या टोकाच्या स्क्रूखाली कप आणि फडकं धरा, कारण पाणी काळं असतं, गरमही असू शकतं, आणि लाकडी जमिनीवरचा डाग जात नाही. स्क्रू अर्धा फेरा फिरवा, त्याहून जास्त नाही. फुसफुस थांबून सलग धार आली की लगेच बंद करा. अनेक रेडिएटर असतील तर सगळ्यांत खालच्यापासून वर जा. यानंतर यंत्रणेतला दाब उतरतो: सामाईक बॉयलर असेल तर हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, कळवा, स्वतःची थेर्मे असेल तर दाबाचा काटा सूचनापुस्तिकेतल्या पट्ट्यात आहे का पाहा.

हवा काढूनही रेडिएटर थंडच? ऑक्टोबरात हे हमखास होतं. उन्हाळाभर मिटून राहिलेल्या वॉल्व्हची पिन अडकते. थर्मोस्टॅट ५ वर करा, त्याच्या मुळाशी असलेला नट डावीकडे फिरवून डोकं काढा. बहुतेक वॉल्व्हना एम ३० गुणिले १.५ मापाचा, स्क्रूसारखा आटा असतो. डॅनफॉस कंपनीच्या जुन्या वॉल्व्हवर क्लॅम्प असतो. डोकं काढलं की वॉल्व्ह उघडायला हवा. नाही उघडला तर पिनच अडकली. ती लाकडाच्या तुकड्याने हलकेच आत दाबा, काही मिलिमीटर आत जाऊन परत उसळायला हवी. पक्कडीने ओढू मात्र नका. पिन हातात आली तर पाण्याची चिळकांडी छतापर्यंत जाते. पुढच्या उन्हाळ्यात, हायझुंग बंद झाल्यावर, थर्मोस्टॅट ५ वर सोडून द्या, म्हणजे हा प्रकार टळेल.

वेळापत्रक लावता येणारं इलेक्ट्रॉनिक डोकं याच आट्यावर बसतं. जुनं डोकं जपून ठेवा, घर सोडताना परत लावावं लागतं. रेडिएटरवर चिकटवलेल्या मोजणीच्या यंत्राला मात्र हात लावायचा नाही, आणि ते झाकायचंही नाही. कोंडलेल्या उष्णतेने आकडा उलट वाढतो.

खालच्या मजल्यावर वॉल्व्ह शीळ घालतात आणि वरचे लोक कुडकुडतात, तर दोष तुमचा नाही. पाण्याची वाटणी बिघडली आहे. तेव्हा शेजाऱ्यांसह घरमालकाकडे ह्युड्राउलिशर आपग्लाइख, म्हणजे प्रत्येक रेडिएटरला योग्य तेवढंच पाणी जाईल अशी जुळणी, लेखी मागा. तळघरातले पाइप उघडे असतील तर तेही त्याच पत्रात लिहा.

आता हिशेब. सामाईक हायझुंगच्या खर्चापैकी ५० ते ७० टक्के वापरावर आणि उरलेला सहसा क्षेत्रफळावर वाटला जातो. म्हणून ७०-३० च्या वाटणीत वापर २० टक्के कमी केला, तर बिल साधारण १४ टक्केच उतरतं. हे आधी ठाऊक असलं की निराशा होत नाही.

कागद हातात आला की तीन गोष्टी पाहा. एक, हिशेबाचं वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत तो आला का; मालकाच्या चुकीने उशीर झाला असेल तर वरचे पैसे मागता येत नाहीत. दोन, देखभालीचा खर्च चालतो, पण दुरुस्तीचा भाडेकरूवर टाकता येत नाही. तीन, २०२३ पासून कार्बन डायऑक्साइडच्या कराचा काही भाग मालकाने उचलायचा असतो, आणि इमारतीतून ऊब जितकी जास्त गळते तितका त्याचा वाटा मोठा. तो हिशेबात दाखवलाच नसेल, तर तुमच्या वाट्यातून ३ टक्के कापता येतात. गॅसचं बिल थेट तुमच्या नावावर असेल, तर हा वाटा मालकाकडे तुम्हालाच मागावा लागतो, आणि बिल आल्या आल्या मागितलेला बरा.

हरकत घ्यायला हिशेब मिळाल्यापासून १२ महिने असतात, आणि हिशेबामागची बिलं पाहायचा हक्क आहे. नीट ताडायचं तर हिशेबाचं वर्ष संपतं त्या दिवशी, बहुधा ३१ डिसेंबरला, प्रत्येक रेडिएटरवरच्या यंत्राचा फोटो काढून ठेवा.