खिडकीच्या कडेला वितळलेलं प्लॅस्टिक: मॉडेल बनवताना रोटरी टूलच्या या चुका टाळा

ठाण्याच्या रेल्वेप्रेमींना मॉडेलसाठी विषय शोधावा लागत नाही. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली प्रवासी गाडी आहेच: साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं आणि मागे 14 डबे. चौदा डब्यांच्या खिडक्या कटरने कापता कापता बोटं भरून येतात आणि माणूस रोटरी टूल, म्हणजे टोकाला बसवलेलं बिट (कापायचं-घासायचं पातं) गरगर फिरवणारं हातातलं छोटं मशीन, विकत आणतो. मग पहिल्याच खिडकीला प्लॅस्टिक वितळून बिटभोवती गोळा होतं.

लोक बिटला नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा गडबड स्पीडची असते. डबे करायला आपण वापरतो ती पांढरी शीट पॉलिस्टायरीनची असते. ते साधारण 100 अंश सेल्सिअसला मऊ पडतं. टूल पूर्ण स्पीडला मिनिटाला 30,000 ते 35,000 फेरे घेतं, म्हणजे घर्षणाने ही मर्यादा गाठायला काही क्षण पुरतात. डायल अगदी खाली ठेवा, बिट एका जागी रेंगाळू देऊ नका, थोडं कापून उचला, पुन्हा टेकवा. नजर कचऱ्यावर ठेवा. कोरडा भुसा पडतोय तोवर चालू द्या, धागे निघायला लागले की थांबा. रेषेच्या आत अर्धा मिलिमीटर सोडून द्यायचा आणि तेवढं कानशीने घासायचं. सरळ कड मशीनने साधण्याचा हट्ट मला तरी वेळेचा अपव्यय वाटतो. टूल घेताना दुकानदार कमाल स्पीड कौतुकाने सांगेल, तुम्ही किमान स्पीड विचारा.

बिटवर चिकटलेलं प्लॅस्टिक पितळी ब्रशने निघतं. नाहीच निघालं, तर बिट थोडा वेळ अॅसिटोनमध्ये बुडवा, पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. खिडकी उघडी हवी, गॅस आणि देवघरातला दिवा लांब हवा. मॉडेलही लांबच ठेवा, त्याचीही तीच गत होईल.

बिट रेषा सोडून पळतं, ही दुसरी नेहमीची तक्रार. टूलच्या मागच्या बाजूने पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. म्हणून टूल उभं धरून खिडकीची आतली कड घासताना हातही त्याच दिशेने, काट्यांप्रमाणे फिरवा. बाहेरची कड घासताना उलटा. दिशा चुकली की बिट कडेवर चढतं आणि शीटवर लांबलचक ओरखडा उठतो.

हाताला थरथर जाणवत असेल तर आधी कोलेट, म्हणजे बिटचा दांडा आवळून धरणारी नळी, बघा. 3 मिमी दांड्याचं बिट 3.2 मिमीच्या कोलेटमध्ये आवळलं जातं खरं, पण नीट मध्यावर बसत नाही. डेंटल लॅबमध्ये वापरतात त्या बरचा (छोट्या बिटचा) दांडा 2.35 मिमी असतो, त्याला 2.4 मिमीचं कोलेट लागतं. दांडा पुरेसा आत जाऊ द्या. लांब बाहेर काढलेलं बारीक बिट जास्त स्पीडला वाकतं. स्पिंडल लॉकचं, म्हणजे बिट बदलताना फिरणारा कणा अडवणारं, बटण मात्र टूल पूर्ण थांबल्याशिवाय दाबायचंच नाही.

कटिंग डिस्कशी खेळ नको. 24 मिमीच्या डिस्कची कड 30,000 फेऱ्यांना ताशी 135 किलोमीटरच्या आसपास धावते, आपली फास्ट लोकलही एवढी पळत नाही. डिस्क खाचेत तिरकी झाली की तिचे तुकडे उडतात. त्यामुळे गॉगल लावा, चेहरा डिस्कच्या रेषेत आणू नका, वस्तू बोटांत न धरता शिकंज्यात धरा. कापडी हातमोजे, ओढणी, मोकळे केस यांतलं काहीही फिरत्या टूलजवळ नको. फेल्टच्या पॉलिश चकतीला आणि तारेच्या ब्रशला मर्यादा साधारण 15,000 फेऱ्यांची असते. त्यावर गेलात तर तारा सुटून अंगावर येतात.

रेझिनचे (ओतीव प्लॅस्टिकचे) भाग घासताना उडणारी धूळ फुप्फुसात गेलेली चांगली नाही. एन95 मास्क लावा आणि शक्य तिथे पॉलिश पेपर ओला करून हाताने घासा. वन बीएचकेत काम चाललं असेल तर पंखा आधी बंद करा, नाहीतर तीच धूळ पोह्यांच्या डब्यापर्यंत पोचते. टेबलाखाली जुना रबरी मॅट घातला तर खालच्या मजल्याची तक्रारही कमी होते.

खाडीलगतच्या दमट हवेत, त्यात पावसाळ्यात, स्टीलची बिट्स लवकर गंजतात. कामानंतर पुसून, तेलाचा हात लावून, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

टूल गरम होत असेल तर बहुतेक वेळा तुम्ही दाबताय. आवाज खाली आला की हात हलका करा, आणि हवेच्या जाळ्या बोटांनी झाकल्या जात नाहीत ना, हेही बघा. तरीही मोटर अडखळत असेल किंवा आत मोठ्या ठिणग्या दिसत असतील, तर कार्बन ब्रश (मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत. प्लग काढून, बाजूच्या टोप्या उघडून दोन्ही एकदमच बदला.