बडबड्या पिल्लाचं ऐकताना
अडीच-तीन वर्षांचं मूल डोळे उघडल्यापासून ‘हे काय? ते का?’ सुरू करतं. मोबाईलमध्ये बघत नुसतं ‘हं, हं’ केलंत तर तेच वाक्य दहादा येतं, कारण त्याला तुमची नजर हवी असते. मेथी निवडायला बसताना त्याला शेजारी घ्या, दहा मिनिटं फक्त त्याचं ऐका आणि ‘तुला काय वाटतं?’ असं उलट विचारा. फार गोड उत्तरं येतात!

बोलायच्या घाईत ‘म-म-मला’ झालं, तर ‘नीट बोल’ म्हणू नका, त्याचं वाक्यही पुरं करू नका. तुम्हीच सावकाश बोला. दोन ते पाच वर्षांत असं अडखळणं बऱ्याच मुलांत दिसतं. मात्र 6 महिन्यांहून जास्त टिकलं, किंवा बोलताना चेहरा ताणला जाऊ लागला, तर स्पीच थेरपिस्टना दाखवा.