बेंटोनाइटची भिंत भरण्याआधी पाणी नळीत तपासा

कचरा डेपो किंवा राखेच्या तळ्याचं पाणी शेजारच्या विहिरीत उतरू नये म्हणून जमिनीत चर खोदून त्यात माती आणि बेंटोनाइटची, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीची, भिंत भरतात. तिच्यातून पाणी पाझरण्याचा वेग सेकंदाला 10⁻⁷ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. पुरवठादाराचा दाखला मात्र शुद्ध पाण्यातला असतो, आणि भिंतीला आयुष्यभर सोसायचं असतं दूषित पाणी.

100 मिलीच्या तीन मोजनळ्या घ्या. एकीत डिस्टिल्ड, दुसरीत विहिरीचं, तिसरीत डेपोलगतच्या बोअरचं पाणी 90 मिलीपर्यंत भरा. प्रत्येकीत बेंटोनाइटची 2 ग्रॅम कोरडी पूड चिमूट-चिमूट सोडा, एका वेळी 0.1 ग्रॅम. आधीची पूर्ण बुडून तळाला बसली की 10 मिनिटांनी पुढची. घाई केली की वर गुठळ्या तरंगतात आणि सगळं मुसळ केरात. शेवटी 100 मिली करून किमान 16 तास हलवू नका. चांगलं सोडियम बेंटोनाइट पहिल्या नळीत 24 मिली किंवा जास्त फुगतं. तिसरीत ते निम्म्यावरच थांबलं, तर ती भिंत पुढे गळणार हे धरून चाला.

कारण असं: सोडियममुळे मातीचे पापुद्रे पाणी ओढून फुगतात आणि पाण्याची वाट बुजते. कॅल्शियम-मॅग्नेशियम आले की सोडियमला हुसकावून पापुद्रे घट्ट आवळतात, कण गोळा होतात, मध्ये वाटा उघडतात. बेसॉल्टमधल्या विहिरींचं जड पाणी हेच करतं. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात पाण्यात सोडियम भरपूर, तरी मिठाचं प्रमाणच इतकं की फुगणं दबतं.

खाऱ्या पाण्यात बेंटोनाइटचा घोळ तर कालवूच नका. दूध नासावं तसा फाटतो. गोड्या पाण्याचा टँकर आणा, 1000 लिटरला 50-60 किलो बेंटोनाइट, आणि रात्रभर भिजू द्या. नुसत्या जड पाण्याला थोडा धुण्याचा सोडा चालतो, मिठाला नाही. आधी गोड्या पाण्यात फुगवल्याने वेळ मिळतो, कायमची सुटका नाही. पाणी फारच खारट असेल तर भिंतीत एचडीपीई (टणक प्लास्टिक) शीट उभी करा.

चर मुरुमात थांबवू नका, मुरूम पाणी सोडतो. खालच्या अखंड खडकापर्यंत न्या. भिंतीच्या माथ्यावर दोन-तीन फूट मातीचं झाकण हवंच. सोडियम गेलेली भिंत मे महिन्यात एकदा तडकली की पावसाळ्यातही भेगा नीट मिटत नाहीत.

प्रयोगशाळेकडून पाझर चाचणी दूषित पाण्यावरच मागा. बाहेर पडणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता आत सोडलेल्या पाण्याइतकी होईपर्यंत ती चालली पाहिजे, मग महिने लागोत.