कॉलेजच्या कबड्डी टीमची पकड मजबूत करायची तर पोरं कुठून आणायची आणि कशी बसवायची

जूनमधे ॲडमिशन सुरू झाल्या की खान्देशातल्या कॉलेजांमधे कबड्डीवाल्या लोकांचे फोन सुरू होतात, कोणत्या गावाला कोण रेडर भारी आहे, कोण डुबकी मारतो, कोणाला कोणत्या कॉलेजवाल्यांनी आधीच पटवलंय. रेडर मिळून जातो हो. यात्रेतल्या एका टूर्नामेंटला जाऊन बसा, दोन चांगले रेडर दिसतीलच. पण विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेला (जळगाव, एरंडोल, धुळे, नंदुरबार, कोणताही विभाग घ्या) टीम हरते ती 40 मिनिटांत दोन-तीन लोण (पूर्ण टीम बाद होणं) अंगावर घेऊन, आणि लोण पडतो तो पकड नसल्यामुळे. म्हणून हे सगळं फक्त पकडवाल्यांबद्दल, रेडरचं तुमचं तुम्ही बघा.

पहिली गोष्ट डोक्यात फिट करा, पकडवाला एकटा शोधायचा नसतो. दोन कॉर्नर (दोन टोकांचे) दोन कव्हर (त्यांच्या आतल्या बाजूचे) ही चौघांची साखळी असते आणि एकेकटे चार भारी पोरं आणले तर चौघं चार दिशेला उड्या मारतात. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणून जो प्रकार आहे (आपला फुटबॉल नाही, तो हेल्मेटवाला) त्यात ऑफेन्सिव्ह लाईन नावाची पाच जणांची रांग असते, त्यांचं काम फक्त समोरच्याला अडवायचं, बॉल हातात येतच नाही जवळपास. तिथं 2015 पासून जो मूर अवॉर्ड देतात तो वर्षातल्या सगळ्यात चांगल्या लाईनला, म्हणजे पूर्ण रांगेला मिळतो, एका खेळाडूला नाही. आपल्याकडे पण बघा ना, सुरेंदर नाडा लेफ्ट कॉर्नर आणि मोहित छिल्लर राईट कॉर्नर, यू मुंबाने 2015 ची प्रो कबड्डी जिंकली त्यात दोघांची जोडी होती, आणि पुढे टीम बदलली तरी दोघं सोबतच गेले. टीमवाल्यांना समजलं होतं की जोडी तोडली तर अर्धाच माल हातात येतो.

त्यामुळे एका गावचे, एका मंडळाचे, शाळेपासून सोबत खेळलेले कॉर्नर-कव्हर दिसले तर दोघांना उचला. त्यातला एक थोडा कच्चा असला तरी चालेल.

आता पोरं कुठं शोधायची. यात्रेच्या टूर्नामेंटला सगळेच जातात. मी म्हणेन सकाळी सहाला तालुक्याच्या ग्राउंडवर जा, तिथं पोलीस भरतीवाली पोरं पळत असतात. भरतीच्या मैदानीला पुरुषांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक असते, गोळा 7.26 किलोचा, म्हणजे दम, स्पीड आणि खांद्याची ताकद तिन्हीची तयारी पोरगा स्वतःहून करतोय, तुम्हाला फक्त कबड्डी शिकवायचीय. गोळा चांगला फेकणारा आणि बुटका-जाड पोरगा दिसला की समजा कव्हर सापडला, त्याचा डॅश (अंगाचा धक्का) बसला तर रेडर सरळ बाहेर. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारी पोरं पण बघा, खांद्यावर घड घेऊन ओल्या वाफ्यातून दिवसभर चालणाऱ्याचे पाय आणि कंबर जिममधे तयार होत नाही. तालमीतले पैलवान कव्हरला चांगले, फक्त त्यांना एक सवय असते, पकडलं की खाली घेऊन बसायचं. इथं खाली घेऊन उपयोग नाही, लांब हात करून रेडर मध्यरेषेला टेकला की पकडणारा आऊट, आणि ज्याला ज्याला त्याचा हात लागला ते पण.

सातपुड्याकडे, धडगाव अक्कलकुवा तळोदा, आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धा चुकवू नका. तिथली कितीतरी पोरं बारावीनंतर सुरतला कामाला जातात, निकाल लागल्यावर तुम्ही जाल तोवर पोरगा गेलेला असतो. जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा, घरच्यांना भेटून या.

घरच्यांशी बोलताना खोटं बोलू नका, हे फार चालतं आपल्याकडे. बाप विचारणारच, "खेळीसन काय करी तो?" तेव्हा लगेच नोकरीचं गाजर दाखवायचं नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे हे खरं, पण त्याला ठरलेल्या लेव्हलच्या स्पर्धेतली कामगिरी लागते, सर्टिफिकेटची पडताळणी होते, नुसतं कॉलेजच्या टीममधे होता म्हणून मिळत नाही. हे पोराच्या बापाला आधीच सांगा. फी किती माफ, होस्टेल मिळणार का, जेवणाचं काय, जेवढं प्राचार्य लेखी देतील तेवढंच बोला. आणि वयाचं बघून घ्या, आंतरविद्यापीठला 17 ते 25 ची अट आहे, गॅपवाला पोरगा असेल तर कागद आधी तपासा, मग ट्रायल.

वजन. सिनियर पुरुषांना 85 किलोची लिमिट असते, मुलींना 75. नव्वदचा धिप्पाड पोरगा बघून खूश होऊ नका, तो वजन उतरवण्यातच ताकद घालवेल. माझ्या मते कव्हर 75-80 चे आणि कॉर्नर त्यापेक्षा हलके, 65-72 चे, कारण कॉर्नरला बसून उठायचं असतं.

ट्रायल कशी घ्यायची, इथंच सगळे चुकतात. मॅच खेळवतात आणि ज्याने तीन पकडी केल्या तो सिलेक्ट. असं नका करू भो. एका चांगल्या रेडरला सांगा की तुला टच करायचाच नाही, 30 सेकंद नुसता खेळवायचा, पाय दाखव, हात दाखव, बोनस रेषेपलीकडे पाय टाकल्यासारखं कर आणि परत ये. असे पाच-सहा रेड एकाच कॉर्नरवर. जो दुसऱ्याच रेडला उडी मारतो तो बाजूला ठेवा, कितीही ताकदवान असू दे. जो शेवटपर्यंत पाय हलवत, नजर रेडरच्या कंबरेवर ठेवून थांबतो तो तुमचा कॉर्नर. ताकद वर्षभरात वाढवता येते, उतावळेपणा काढायला तीन वर्षं पण पुरत नाहीत. फझल अत्राचलीला बघा, इराणचा लेफ्ट कॉर्नर, प्रो कबड्डीत पकडीचे पॉइंट त्याचे सगळ्यात जास्त, त्याचं खेळणं म्हणजे अर्ध्याच्या वर थांबणं आहे.

पोरं आली की पहिला महिना पकड शिकवूच नका, साखळी चालवा. हातात हात घालून कॉर्नर आणि शेजारचा, डावीकडे उजवीकडे पुढे मागे, 30 सेकंद, हात सुटला की परत पहिल्यापासून. बोलायचं नाही, हात दाबून इशारा. निदान रेषा मध्यापासून 3.75 मीटरवर, बोनस रेषा तिच्यामागे 1 मीटर, आणि बोनसच्या मागे शेवटच्या रेषेपर्यंत जागा फक्त 1.75 मीटर, तेवढ्यात कॉर्नरला मागं पण जायचंय आणि बाहेर पण जायचं नाही, हे अंगात भिनवायला महिना लागतोच. मग घोट्याची पकड, मग मांडीची, आणि कव्हरला ब्लॉक आणि डॅश. डोकं रेडरच्या गुडघ्यासमोर आणायचं नाही हे रोज ओरडून सांगा, मान आणि नाक दोन्ही वाचतात. कॉर्नरने पाय धरला की दुसऱ्या क्षणाला कव्हर अंगावर पाहिजे, एकट्या कॉर्नरच्या हातून रेडर सुटणारच, यात कॉर्नरचा दोष धरू नका.

मातीवर खेळलेल्यांना मॅटवर बूट घालून किमान दोन महिने द्या, मॅटवर रेडर वळतो लवकर आणि मातीवरचं टायमिंग तिथं उशिराचं ठरतं. प्रॅक्टिस पहाटे, एप्रिल-मेमधे 44-45 डिग्रीत दुपारी ग्राउंडवर काढणं म्हणजे पोरं पळवून लावणं. कानबाईला, पोळ्याला आणि कापूस वेचणीला पोरं गावाला जाणारच, आडवून भांडण होतं, त्यापेक्षा टाइमटेबल तसंच बनवा. खायला भाकरी, अंडी, शेंगदाणे, उडदाचं घुटं, डब्यातली पावडर नंतर.

आणि प्रॅक्टिसमधे रोज पंधरा मिनिटं फक्त तिघांना उभं करा. तीन किंवा कमी असताना पकड झाली तर अव्वल पकड, एकाऐवजी दोन पॉइंट, आणि लोण पण टळतो. समोरची टीम अशा वेळी सावध येते, दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय (पॉइंट नाही आणला तर रेडर आऊट), तिथं त्याला यावंच लागतं. तुमचे तिघं ठरवून एक कॉर्नर मोकळा दाखवतील, बाकी दोघं अर्धा पाय मागे, तो आत आला की एकदम. हे ठरवणं मॅचमधे होत नाही, आणि तिघांत कोण कोण उरेल ते आधी कळत नाही, त्यामुळे तिघं दर वेळी बदलून उभे करा, बेंचवरचे पण.