डेव्हिल्स लेकला निघायच्या आधी

आई-बाबा आलेत, लाँग वीकेंड आहे, कुठे नेऊ असं या महिन्यात तिघांनी विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. विस्कॉन्सिनमधला डेव्हिल्स लेक स्टेट पार्क, शिकागोहून साधारण साडेतीन तास, मॅडिसनहून तासाभरात. आपली मंडळी शेजारच्या विस्कॉन्सिन डेल्स गावच्या वॉटरपार्कला जाऊन परत येतात आणि हे वीस-पंचवीस मिनिटांवरचं राहून जातं.

सगळ्यात आधी शूज. इथल्या दगडाला क्वार्टझाइट म्हणतात, गुलाबी-जांभळा, दीडशे कोटी वर्षांहून जुना, आणि घासून घासून आपल्या पाट्यासारखा गुळगुळीत झालेला. थोडा पाऊस पडला की संपलंच. मागच्या वर्षी आमच्याकडच्या एका शहाण्याने पांढरे ऑफिसवाले स्नीकर्स घातले आणि बॅलन्स्ड रॉकच्या (कड्यावर तोल सावरून उभा असलेला दगड, तिथवर चढाची वाट जाते) पायऱ्या अर्ध्याअधिक बसून उतरला. सोल खाचांचा हवा, बाकी ब्रँड कुठलाही चालेल. सँडल पाण्यासाठी वेगळी घ्या.

आई-बाबांना बॅलन्स्ड रॉकवर नेऊ नका प्लीज, गुडघे बरे असतील तरी. कडा जवळजवळ ५०० फूट, पायऱ्या उंच, आणि कठडा बिठडा काही नाही. त्यांच्यासाठी दक्षिण बाजूचा ग्रॉटोज ट्रेल, कड्याच्या पायथ्याने जातो, जवळपास सपाट, सावली भरपूर. तिथून पुढे तुम्ही दोघं वर जा, त्यांना सतरंजी आणि थर्मास देऊन बसवा. दगडावर बारीक लाटा उमटलेल्या दिसतील, हात फिरवून बघा, ती जुन्या समुद्राच्या तळाची वाळू आहे. बाबा त्या दगडापाशी वीस मिनिटं उभे होते, हलायलाच तयार नाहीत.

गाडीला पार्कचा स्टिकर लागतो, बाहेरच्या राज्याची नंबरप्लेट असेल तर जास्त पैसे, त्यामुळे इलिनॉयवाले आपण जास्तच भरणार. जुलै-ऑगस्टच्या शनिवारी नऊच्या आत पोचा, अकराला गेलात तर गेटवरच्या रांगेत डब्यातले दडपे पोहे संपतील. कॅम्पिंग करायचं असेल तर बुकिंग अकरा महिने आधी उघडतं, ते आत्ता जमणार नाही, मॉटेल बघा. दरीत नेटवर्क जातं म्हणून मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, झाडांची कीड पसरते म्हणून दहा मैलांबाहेरचं सर्टिफिकेट नसलेलं लाकूड चालत नाही, तिथेच विकत मिळतं.

खाण्यात थालीपीठं, दही, लसणाची चटणी, आणि ऑगस्ट असेल तर कणसं. पिकनिक एरियात ग्रिल असतात, कोळसा आपला न्यायचा. आम्ही कोळसा नेला, लिंबू नेलं, तिखटमीठ नेलं, काडेपेटी राहिली, शेजारच्या आजोबांकडून लायटर मागून आणला आणि बदल्यात त्यांना एक कणीस दिलं, तिखटमीठ लावून. त्यांनी अजून एक मागितलं! डबे उघडे ठेवू नका, रॅकून टपलेले असतात. पोहायला लाइफगार्ड नाही, मुलांना लाइफ जॅकेट हवंच.

आता गाडीत सांगायच्या गोष्टी, कारण मुलं विचारणारच की सैतानाचं तळं का. होचंक लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, याला पवित्र तळं म्हणायचे, गोऱ्यांनी त्याचं डेव्हिल्स केलं. हिमयुगात बर्फाने ढकलत आणलेली दगडमाती दरीच्या दोन्ही तोंडांशी बसली आणि मधे पाणी अडलं, त्यामुळे तळ्यातून बाहेर पडणारी नदीच नाही. काठाला मातीचे पक्षी-प्राण्यांच्या आकाराचे उंचवटे आहेत, हजारेक वर्षांपूर्वीचे, दक्षिण काठावरचा पक्षी चुकवू नका आणि त्यावर चढू नका, ते पूर्वजांचं आहे. पूर्वेच्या काठाने रूळ दिसतील, रेल्वे इथे १८७३ मध्ये आली आणि हॉटेलं उभी राहिली, पार्क झालं १९११ मध्ये. आणि ज्या दगडी पायऱ्यांवर तुम्ही धापा टाकणार त्यातल्या बऱ्याच १९३५ ते १९४१ मध्ये मंदीच्या काळातल्या बेकार पोरांनी बसवल्यात, सरकारी योजनेत, इथेच छावणीत राहून. आपल्याकडे रोजगार हमीवर रस्ते झाले तसंच काहीसं.

दुसरा दिवस असेल तर जवळच बाराबू गाव, रिंगलिंग भावांनी १८८४ मध्ये सर्कस तिथूनच सुरू केली, म्युझियम छान आहे, पण लहान मुलं सोबत असतील तर अर्धा दिवस तिकडेच जातो हे धरून चाला.

गोचिडी आहेत, खरंच आहेत. फुल पँट, मोज्यात खोचलेली, दिसू दे कशी दिसायची ती. स्प्रे घ्या. घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत सगळ्यांचं तपासायचं, आजीचं पण, आणि मगच चहा टाकायचा.